तारीख उलटून गेल्यावर पैसे कोणाचे?

२००८ साली शिकागोत अँड्र्यू मेसन या तरुणाने ग्रुपॉन नावाची वेबसाइट सुरू केली. तिची पहिली डील तिच्या ऑफिसच्याच इमारतीत तळमजल्यावर असलेल्या बारमधल्या पिझ्झाची होती. एकाच्या पैशात दोन. कल्पना साधी : ५० डॉलरचं जेवण २५ डॉलरला, पण पैसे आधी भरायचे. त्या २५ मधले साधारण निम्मे ग्रुपॉनचे, उरलेले हॉटेलवाल्याचे. दोन वर्षांत कंपनी इतकी फुगली की डिसेंबर २०१०मध्ये गूगलने देऊ केलेले सुमारे ६ अब्ज डॉलर तिने नाकारले. त्यानंतर थोड्याच काळात गिऱ्हाइकं तिला कोर्टात खेचायला लागली. भांडण पिझ्झाच्या चवीचं नव्हतं, व्हाउचरवरच्या तारखेचं होतं.

हे भांडण समजून घ्यायचं तर दोन वेगळे कागद वेगळे ठेवावे लागतात, आणि ग्रुपॉनने नेमके तेच एकत्र शिवले होते.

पहिला कागद फुकटचा. १८८०च्या दशकात अटलांटामध्ये कोका-कोलाने एक ग्लास मोफत देणारी तिकिटं वाटली. अशा कागदावर कंपनीने हवी ती तारीख टाकावी, अगदी उद्याचीसुद्धा. आपल्या खिशातून काहीच गेलेलं नसतं. दुसरा कागद विकतचा. दुकानात १०० रुपये भरून घेतलेलं गिफ्ट सर्टिफिकेट म्हणजे त्या दुकानाने आपल्याला दिलेली उधारीची चिठ्ठीच. माल अजून घ्यायचाय, पैसे मात्र गल्ल्यात पोचलेत. किराणावाल्याच्या वहीत आपलं नाव असतं तसं इथे आपल्या वहीत दुकानदाराचं नाव. फरक इतकाच, की आपण उधारी बुडवली तर दुकानदार दारात येतो, आणि त्याने दिलेल्या चिठ्ठीची तारीख उलटली की उधारी आपोआप 'मिटते'.

या मिटण्याला हिशेबाच्या भाषेत 'ब्रेकेज' म्हणतात. विकलेलं पण वापरलं न गेलेलं व्हाउचर कंपनीच्या ताळेबंदात 'देणं' म्हणून बसलेलं असतं. तारीख गेली की ते देणं उचलून 'उत्पन्न' या रकान्यात टाकता येतं. काही न विकता कमाई! १९९०च्या दशकात कागदी सर्टिफिकेटची प्लास्टिकची कार्डं झाली, ती भेट म्हणून लाखोंनी खपली आणि ड्रॉवरमध्ये पडून राहणारी रक्कमही त्याच हिशेबाने वाढली.

कायद्याला जाग आली ती राज्याराज्यांतून. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी १९९७ पासून विकलेल्या गिफ्ट सर्टिफिकेटवर मुदतीची तारीख टाकायलाच बंदी केली. संपूर्ण अमेरिकेसाठीचा नियम मे २००९मध्ये क्रेडिट कार्डांच्या कायद्यातून आला आणि ऑगस्ट २०१०मध्ये लागू झाला : पैसे देऊन घेतलेलं गिफ्ट कार्ड किमान ५ वर्षं चाललं पाहिजे. त्यातून जाहिरातीसाठी वाटलेली फुकट कूपनं वगळली होती.

आता ग्रुपॉनचं व्हाउचर कुठल्या खणात ठेवायचं? २५ डॉलर भरलेत, म्हणजे ते गिफ्ट सर्टिफिकेट. वरचे २५ डॉलर सवलतीचे, म्हणजे ते जाहिरातीचं कूपन. तारीख मात्र एकच, आणि बहुतेकदा काही महिन्यांची. वेगवेगळ्या राज्यांतले दावे सॅन डिएगोच्या फेडरल कोर्टात एकत्र झाले. कंपनीने ८५ लाख डॉलरची तडजोड देऊ केली. २०१२च्या अखेरीस कोर्टाने ती मान्य केली आणि २०१५मध्ये वरच्या कोर्टाने ती मंजुरी रद्द करून प्रकरण परत पाठवलं. अमेरिकन वकिलांचं भलं झालं, असं म्हणून पुढे जायला हरकत नाही.

मला जास्त मोलाचं वाटतं ते कंपनीच्या अटींमधलं एक वाक्य. त्यात व्हाउचरचे दोन तुकडे केले आहेत : भरलेली रक्कम आणि सवलतीची रक्कम. तारखेनंतर सवलत जाते. भरलेले २५ डॉलर मात्र जात नाहीत, त्याच हॉटेलात २५ डॉलर म्हणूनच चालतात. शिवलेले दोन कागद पुन्हा उसवले गेले, आणि माझ्या मते न्याय्य वाटणी हीच आहे.

कारण तारखेची गरज खोटी नाही. समजा, एखाद्या छोट्या पार्लरने अर्ध्या किमतीत ४०० हेअरकट विकले. ते ४०० जण पुढची १० वर्षं कधीही येऊ शकतात म्हटल्यावर त्या बाईंनी माणसं किती ठेवायची आणि भाव कधी वाढवायचे? शिवाय लांबची तारीख गिऱ्हाइकाच्या भल्याचीच असते असंही नाही. सुझन शू आणि उरी ग्नीझी या संशोधकांचा २०१०मध्ये छापलेला एक प्रयोग आहे. काहींना बेकरीचं ३ आठवड्यांचं व्हाउचर दिलं, काहींना २ महिन्यांचं. २ महिनेवाल्यांना आपण ते वापरणारच याची जास्त खात्री होती. प्रत्यक्षात ३ आठवडेवाल्यांपैकी ३१ टक्क्यांनी ते वापरलं, २ महिनेवाल्यांपैकी फक्त ६ टक्क्यांनी. 'बघू पुढच्या आठवड्यात' हा आजार जगभर सारखाच आहे. स्टारबक्सच्या कार्डावर तर मुदतीची तारीखच नसते, तरी पडून राहिलेल्या शिलकीतून कंपनीने २०२३च्या आर्थिक वर्षात सुमारे २० कोटी डॉलर उत्पन्न म्हणून दाखवले.

म्हणून 'मुदत किती दिवसांची?' यावर भांडण्यात फारसा अर्थ नाही. तारीख उलटल्यावर ती रक्कम कोणाच्या खात्यात असते, हे विचारायला हवं.

ग्रुपॉन २०११मध्ये कोलकात्याची 'सोसस्ता' विकत घेऊन भारतात उतरली. सप्टेंबर २०१३मध्ये कांदा भडकलेला असताना तिने तो ९ रुपये किलोने विकायला काढला आणि वेबसाइट कोसळली. (कांद्याने सरकारं पडतात, तिथे सर्व्हरचं काय!) २०१५मध्ये हीच भारतीय शाखा 'निअरबाय' झाली. तिचे तेव्हाचे प्रमुख अंकुर वारिकू आज तुमच्या यूट्यूबवर पैशांचे सल्ले देताना दिसतात.

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर रिझर्व्ह बँकेने २०१७च्या निर्देशांत दिलं, आणि ते अमेरिकेपेक्षा नेमकं आहे. वॉलेट किंवा अनेक दुकानांत चालणारं प्रीपेड कार्ड किमान १ वर्ष चाललं पाहिजे. मुदत संपण्याआधीच्या ४५ दिवसांत ग्राहकाला आठवण करून द्यायला हवी. तारीख गेल्यावरही पुढची किमान ३ वर्षं कंपनीने ती शिल्लक स्वतःच्या नफ्यात घ्यायची नाही, आणि तारखेनंतर ग्राहकाने पैसे मागितले तर ते त्याच्या बँक खात्यात भरायचे.

कोविडमध्ये रद्द झालेल्या विमान तिकिटांबाबत सर्वोच्च न्यायालय १ ऑक्टोबर २०२० रोजी एक पाऊल पुढे गेलं. रोख परत देणं जमत नसेल तर कंपन्यांनी ३१ मार्च २०२१पर्यंत चालणारं क्रेडिट द्यावं, त्याची किंमत दरमहा आधी अर्धा आणि नंतर पाऊण टक्का वाढवावी, आणि तोवर वापरलं गेलं नाही तर पैसे परत करावेत. म्हणजे इथे शेवटची तारीख प्रवाशाची नव्हती, कंपनीची होती.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांना एक मोठं भगदाड मात्र आहे. एखाद्या दुकानाने, सलूनने किंवा जिमने स्वतः विकलेलं आणि फक्त तिथेच चालणारं व्हाउचर त्यांत येतच नाही. 'क्लोज्ड सिस्टिम' म्हणून ते बँकेच्या परवानगीबाहेर आहे. तिथे २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली 'अन्यायकारक करार' ही तरतूद घेऊन ग्राहक आयोगाकडे जाण्याचा रस्ता आहे. ६०० रुपयांच्या फेशियलसाठी तो किती जण धरतील, हे व्हाउचर विकणाऱ्यालाही ठाऊक असतं.