एका जुन्या मोटरबोटीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द उच्चारताच आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे देवालय उभे राहते, बोट नव्हे. आणि ते साहजिकच आहे. नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ साली करविला, आणि त्याच वास्तूच्या जतनाचे काम होऊन ती २०२३ मध्ये भाविकांसाठी पुन्हा खुली झाली. अशा प्रत्येक कामात विश्वस्तांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. जुने किती राखावयाचे, नवे किती घालावयाचे, आणि ‘जुने’ म्हणजे नेमके कोणत्या काळचे? हाच प्रश्न इंग्लंडच्या रॅम्सगेट बंदरात जतन झालेल्या ५८ फुटी ‘सनडाउनर’ या मोटरबोटीच्या केबिनने उभा केलेला आहे. प्रश्न केवळ सुतारकामाचा असता तर आम्ही त्यासाठी येथील जागा अडविली नसती.

ही बोट १९१२ साली ब्रिटिश आरमारासाठी बांधली गेली. तेव्हा ती मोटरबोट नव्हती. वाफेवर चालणारी, युद्धनौकांची कामे करणारी सेवानौका होती. मोठे जहाज बंदराबाहेर नांगरून राहिले की अधिकारी, टपाल, सामान यांची ने-आण अशा नौका करीत. त्यांच्या पोटातील उत्तम जागा बाष्पकाने आणि कोळशाने व्यापलेली असे. माणसांनी उरल्यासुरल्या जागेत बसावे. १९२९ मध्ये आरमाराने टाकून दिलेली ही काया चार्ल्स लाइटोलर नावाच्या निवृत्त दर्यावर्दी अधिकाऱ्याने विकत घेतली. हाच गृहस्थ ‘टायटॅनिक’वरील द्वितीय अधिकारी होता आणि त्या जहाजावरून वाचलेल्यांत सर्वांत वरिष्ठ होता. ‘टायटॅनिक’ बुडाली ते वर्षही १९१२ च. योगायोग खरा, त्याहून अधिक काही त्यात आम्ही पाहत नाही.

लाइटोलरने तिचे रूपांतर कौटुंबिक सफरींच्या मोटरबोटीत केले. रूपांतर हा शब्द लिहावयास सोपा आहे. बाष्पक निघाला की बोटीच्या मध्यभागी एक मोठे भगदाड उरते, आणि कित्येक मणांचा भार नाहीसा झाल्यामुळे ती पाण्यावर पूर्वीपेक्षा उंच तरंगू लागते. तो तोल नव्या एंजिनाने, तेल-पाण्याच्या टाक्यांनी आणि केबिनमधील लाकूडकामाने पुन्हा जुळवावा लागतो. म्हणजे बोटीतील कपाट हे नुसते कपाट नसते. घरात पलंग कोणत्या भिंतीस लावावा हा गृहिणीच्या सोयीचा विषय. बोटीत तो समतोलाचाही विषय होतो. १९३० मध्ये नौका तयार झाली. लाइटोलरची पत्नी ऑस्ट्रेलियाची. नाव तिनेच सुचविले. त्या देशात दिवस मावळताना आसऱ्यासाठी एखाद्या मळ्यावर येऊन ठेपणाऱ्या भटक्यास ‘सनडाउनर’ म्हणत. पुढील दहा वर्षे या कुटुंबाने तिच्यातून उत्तर युरोपच्या किनाऱ्यांवर सफरी केल्या. १९३९ च्या उन्हाळ्यात आरमाराच्या सांगण्यावरून हे वयस्क जोडपे सुटीचा बहाणा करून जर्मन किनाऱ्याची पाहणीही करून आले. घरगुती केबिन हाच त्यांचा सर्वोत्तम वेष होता.

मग १९४० चा मे महिना आला. फ्रान्समधील डंकर्कच्या किनाऱ्यावर ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्य कोंडले गेले. हिंदी सैन्याच्या खेचर-पथकांतील जवानही त्यांत होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. २६ मे ते ४ जून या दिवसांत तेथून ३,३८,२२६ सैनिक हलविण्यात आले. त्यांतील बहुसंख्य बंदराच्या धक्क्यावरून मोठ्या जहाजांत चढले. लहान बोटींनी सारे सैन्य वाचविले असे जे म्हटले जाते ते भाविकपणाचे आहे. तथापि उथळ वाळूवर जेथे मोठे जहाज येऊच शकत नव्हते, तेथे लहान बोटींवाचून उपाय नव्हता, हेही तितकेच खरे. आरमाराने ‘सनडाउनर’ मागितली तेव्हा सहासष्ट वर्षांच्या लाइटोलरने सांगितले, की बोट जाईल तर आपण स्वतः ती नेऊ. त्याचा मुलगा रॉजर आणि जेरल्ड अ‍ॅशक्रॉफ्ट नावाचा तरुण सागरी बालवीर बरोबर निघाले.

निघण्यापूर्वी त्यांनी जे केले त्यातच आमच्या विषयाचे मर्म आहे. त्यांनी बोट रिकामी केली. डोलकाठ्या उतरविल्या, केबिनमधील सामान, काढता येईल ते लाकूडकाम, दहा वर्षांच्या संसाराने साठविलेली प्रत्येक सोय किनाऱ्यावर काढून ठेवली. १ जून रोजी ते रॅम्सगेटहून निघाले. वाटेत पेटलेल्या ‘वेस्टर्ली’ या मोटरबोटीवरील माणसे उचलून घेतली आणि डंकर्क येथे ‘वॉर्सेस्टर’ या विनाशिकेच्या बाजूस लागून सैनिक भरून घेतले. या बोटीवर एका वेळी २१ पेक्षा अधिक माणसे पूर्वी कधी चढली नव्हती. त्या दिवशी सुमारे १३० चढली. त्यांपैकी ७५ खाली केबिनच्या भागात, उरलेली डेकवर. खालच्यांना त्याने आडवे पडून राहण्यास सांगितले, म्हणजे भार तळाशी राहील आणि बोट कलंडणार नाही. १९१२ च्या त्या रात्री उलटलेल्या एका बोटीच्या पाठीवर तीसेक माणसांना उभे करून, आपल्या हुकुमाबरोबर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकावयास लावून ज्याने पहाटेपर्यंत तोल सांभाळला होता, त्याला हे कोणी शिकवावयास नको होते. विमानांचा मारा चुकवीत ती परत रॅम्सगेटला आली. माणसे उतरू लागली तेव्हा एवढी ठेवली होती कोठे, असे किनाऱ्यावरच्यांना वाटले. उत्तर सरळ होते : सामान जेथे होते तेथे.

युद्धानंतर लाइटोलरने टेम्स नदीकाठी बोटी बांधण्याचा एक लहान कारखाना चालविला. १९५२ मध्ये तो वारला. ‘सनडाउनर’ कुटुंबाकडे राहिली. १९६५ साली डंकर्कच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त जुन्या बोटी पुन्हा तेथे गेल्या, त्यांत तीही होती. त्याच यात्रेतून या बोटींच्या मालकांचा संघ निर्माण झाला. पुढे ती कुटुंबाच्या हातून गेली, मोडकळीस आली, आणि शेवटी ईस्ट केंट मेरिटाइम ट्रस्ट या संस्थेने तिला ताब्यात घेऊन वाचविले.

लाकडी मोटरबोट मरते ती समुद्रामुळे, असा जो समज आहे तो बरोबर नाही. खारे पाणी बुरशीला फारसे मानवत नाही. बोट कुजविते ते पावसाचे गोडे पाणी. डेकच्या फळ्यांच्या सांध्यांतून, खिडकीच्या कोपऱ्यांतून ते थेंबाथेंबाने आत उतरते आणि केबिनच्या आतील अस्तराच्या मागे साचते. या अस्तर-फळ्यांना इंग्रज नौकासुतार ‘सीलिंग’ म्हणतात. घराचे छत त्याच नावाने ओळखले जाते, पण बोटीत ते बाजूंना असते. हे अस्तर आणि बाहेरची फळी यांच्यामध्ये वारा खेळावा म्हणून जुने कारागीर वर व खाली फट ठेवीत. लाकडातील ओल २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला घर मिळते, आणि बाहेरून व्हार्निश चकाकत असताना आतील बरगडी भुसभुशीत होते. जाणता मेस्त म्हणूनच केबिनमध्ये शिरताच रंग पाहत नाही. तो वास घेतो, मग टोचणीने कोपरे टोचून पाहतो.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात सनमायका, प्लायवुड आणि फोम स्वस्त झाले आणि जुन्या केबिनांवर एक संकट आले. मालकांनी हौसेने महोगनी उखडून गुळगुळीत तक्ते ठोकले, मागे ऊबदार फोम चिकटविला, आणि वाऱ्याची प्रत्येक फट बुजविली. केबिन पहिल्या हिवाळ्यात सुखद झाली. पुढे फोममागे घाम साचून बरगड्या कुजल्या. दुसरा धोका याहून भयंकर. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती तळाशी उतरून बसते, आणि वर नवी, घट्ट, देखणी जमीन बसविलेली असेल तर तिला बाहेर जाण्यास वाट नसते. एक ठिणगी पुरते. आमच्याकडे कोरीव लाकडी खांब उतरवून तेथे सिमेंटचे खांब आणि चकचकीत लाद्या बसविणाऱ्या समित्यांना ही उदाहरणे ऐकवावीत असे आम्हांस अनेकदा वाटले आहे. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

‘सनडाउनर’ची केबिन मग कोणत्या सालची करावी? १९१२ ची करणे म्हणजे बाष्पक परत बसविणे. ते कोणी सुचविणार नाही. १९३० ची करावी म्हणावे, तर ती संसाराची शोभिवंत खोली होईल. पण १३० माणसांनी जी जागा व्यापली ती त्या सामानाखाली पुन्हा झाकली जाईल. १९४० ची करावी म्हणावे, तर केबिन रिकामीच ठेवावी लागेल, आणि रिकामी बोट कोणी राखीत नाही. ज्या जुन्या बोटी आजही पाण्यावर आहेत त्या बहुधा अशामुळे आहेत, की त्यांत कोणी तरी निजते, चहा करते, पावसात छत गळले की स्वतः भिजते आणि दुसऱ्या दिवशी ते बुजविते. संग्रहालयाच्या धक्क्यावर कोरडी पडलेली बोट मात्र उन्हाने तडकते. तिच्या फळ्या पाण्याने फुगण्याची वाट पाहत आकसत जातात.

आमच्या मते येथे एक साल निवडणेच चूक आहे. मालक बदलला, काम बदलले, तसतशी केबिन बदलली, आणि त्या प्रत्येक बदलाची खूण लाकडात आहे : जुन्या स्क्रूची बुजविलेली भोके, पूर्वी भिंत होती तेथील फिकट पट्टा, एका ठिकाणी ओक तर शेजारी सागवान. ब्रिटनमध्ये ऐतिहासिक नौकांची राष्ट्रीय नोंदवही आहे. पन्नास वर्षांहून जुन्या, ३३ फूट वा अधिक लांबीच्या आणि बऱ्याच अंशी मूळ स्थितीत असलेल्या नौका तीत घेतल्या जातात. तेथील जाणकार जतन, पुनःस्थापना आणि पुनर्रचना यांत काटेकोर भेद करतात. आहे ते टिकविणे पहिले; गेलेले परत आणणे, तेही पुराव्याने, त्यानंतर; आणि नव्याने बांधून ‘जुने’ म्हणणे सर्वांत शेवटी. हा क्रम आम्हांस शहाणपणाचा वाटतो. ‘सनडाउनर’सारख्या बोटीत आम्ही केबिनचा मधला भाग मोकळा राखू, निजण्याच्या फळ्या उचलून ठेवता येतील अशा बसवू, आणि अस्तरामागील फट कोणत्याही कारणाने बुजू देणार नाही.

चांगले नौकासुतार एक रीत पाळतात. अस्तराची प्रत्येक फळी काढण्यापूर्वी तिचे छायाचित्र घेतात, मागील बाजूस खडूने क्रमांक घालतात, आणि कुजलेल्या भागापुरताच नवा तुकडा सांधतात. त्या नव्या तुकड्याच्या मागील, कोणास न दिसणाऱ्या अंगावर ते कामाचे साल कोरून ठेवतात. पुढे पन्नास वर्षांनी दुसरा कोणी तीच फळी उचकटील, तेव्हा कोणते लाकूड कोणत्या काळचे हे त्यास कोणास विचारावे लागत नाही.