गोळीमागची माणसे

तुळजापूर असो, कळंब असो वा उमरगा, एसटी स्टँडच्या आसपास चार-दोन मेडिकल दुकाने दिसतातच. डॉक्टरांची चिठ्ठी आपण काउंटरवर सरकवतो, स्ट्रिप घेतो, पैसे देतो आणि घरी येतो. एवढ्या व्यवहारात आपण किती जणांवर विश्वास टाकला, याचा हिशेब कोणी मांडत नाही. डॉक्टर ओळखीचे असतात, दुकानदार तर आळीतलाच असतो, कंपनीही निदान नावाने माहीत असते. पण कंपनीतला जो माणूस गोळ्यांची बॅच तपासून पास किंवा नापास ठरवतो आणि काउंटरमागचा जो माणूस दोन औषधे एकमेकांशी भांडणार तर नाहीत ना, हे चिठ्ठीवरून पाहतो, त्या दोघांना घडवले कोणी? औषधनिर्माणशास्त्र विभागातल्या अध्यापक-संशोधकांविषयी मराठीत फारसे लिहिले जात नाही. त्यांच्या कामाची ओळख करून देण्यासाठी ही प्रस्तावना आहे.

रसायनशास्त्राशी तुमचा संबंध दहावीनंतर सुटला असेल तरी बिचकू नये. या क्षेत्रात शिरायला फार मोठे भांडवल लागत नाही. ‘हे कशावरून?’ असा प्रश्न विचारायची सवय असली, की निम्मे काम झाले.

थोडा इतिहास आधी पाहू. आपल्या देशात विद्यापीठीय पातळीवर फार्मसीचे शिक्षण सुरू झाले ते बनारस हिंदू विद्यापीठात, १९३२ मध्ये, महादेव लाल श्रॉफ यांच्या खटपटीने. त्याच सुमारास कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने बाजारातल्या भेसळयुक्त आणि निकृष्ट औषधांचे चित्र सरकारपुढे ठेवले होते. पुढे १९४० मध्ये औषधांचा कायदा आला आणि मार्च १९४८ मध्ये फार्मसीचा. धाराशिवच्या वाचकांनी या शेवटच्या तारखेपाशी क्षणभर थांबावे. दिल्लीत हा कायदा झाला तेव्हा आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि मुक्तीला अजून सहा महिने अवकाश होता. १९४९ मध्ये फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया स्थापन झाली, १९५३ मध्ये तिचे पहिले शिक्षण-नियम आले, आणि मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळायला १९५८ साल उजाडले. त्या विद्यापीठाचे उपकेंद्र धाराशिवला आले ते २००४ मध्ये. मागासलेपणाची चर्चा आपल्याकडे भावनेच्या भरात होते. तारखा अशा ओळीने मांडल्या, की कोणती गाडी आपल्याकडे किती उशिरा पोचली ते शांतपणे दिसते.

महाराष्ट्रात या विद्येची जुनी ठाणी नागपूर विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग आणि मुंबईची यूडीसीटी (मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग) ही. १९३३ मध्ये सुरू झालेली यूडीसीटी आज आयसीटी या नावाने ओळखली जाते आणि २०१८ पासून तिचे एक केंद्र जालन्यातही आहे. नांदेडच्या विद्यापीठात स्कूल ऑफ फार्मसी आहे. खुद्द धाराशिव शहरात के. टी. पाटील कॉलेज ऑफ फार्मसीसारखी संस्था आहे. येथे वाचकांनी एक भेद लक्षात ठेवावा. विद्यापीठाच्या विभागात एम. फार्म. आणि पीएच. डी.च्या विद्यार्थ्यांचा राबता असतो, त्यामुळे संशोधन हा रोजचाच भाग होतो. संलग्न महाविद्यालयातल्या शिक्षकाला मात्र बी. फार्म.चे तास, प्रॅक्टिकलच्या बॅचेस, जर्नल तपासणे आणि कौन्सिलच्या इन्स्पेक्शनची तयारी यांतून वेळ उरला तर संशोधन करायचे असते. दोघांच्या कामाला एकच मोजपट्टी लावू नये.

विषयाच्या मुख्य शाखा चार. औषधाचा रेणू कसा घडवायचा हे फार्मास्युटिकल केमिस्ट्री पाहते. त्याची गोळी, सिरप, मलम किंवा इंजेक्शन कसे करायचे हे फार्मास्युटिक्सचे काम. ते शरीरात काय करते हे फार्माकोलॉजी सांगते, आणि वनस्पतीतून मिळणाऱ्या औषधांचा अभ्यास फार्माकॉग्नोसी करते. रुग्णाशी थेट बोलणारी फार्मसी प्रॅक्टिस ही शाखा अलीकडे जोर धरते आहे. सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रम २००८ पासून आला, त्याचा यात वाटा आहे. व्याख्या पाठ करण्यापेक्षा प्रयोगशाळेत काय चालते ते पाहिले तर हा पसारा लवकर कळतो.

पहिल्या वर्षाचे प्रॅक्टिकल घ्या. विषय आहे सिंपल सिरप, म्हणजे साखरेचा पाक. ढोकीसारख्या कारखान्याच्या गावाहून आलेल्या मुलाला साखर काय नवी असते? पण येथे कृती अशी: ६६७ ग्रॅम साखर घ्यायची आणि शुद्ध पाणी घालून एकूण वजन १००० ग्रॅम करायचे. माप लिटरचे नाही, वजनाचे. विद्यार्थी हमखास येथेच घसरतो आणि मोजनळी हातात घेतो. साखर थोडी कमी पडली, तर काही दिवसांत पाकावर बुरशी धरते. जास्त झाली, तर बाटलीच्या गळ्याशी खडे जमतात. उष्णता जास्त दिली, तर साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते आणि पाक पिवळसर पडतो. मग व्हायव्हात मास्तर विचारतात, ‘एवढे गोड असून यात जंतू का वाढत नाहीत?’ दाट पाकात पाणी असते, पण जंतूंना वापरता येईल असे मोकळे पाणी उरत नाही, उलट त्यांच्याच पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते, हे उत्तर ज्या दिवशी विद्यार्थ्याला स्वतःहून सुचते, त्या दिवशी त्याचा फार्मसीत खरा प्रवेश होतो. लहान मुलांच्या खोकल्याच्या अनेक औषधांत हाच पाक असतो. त्यात चूक झाली तर ती कोणाच्या पोटात जाणार, हे त्याच टेबलापाशी सांगणारा शिक्षक लाभावा लागतो.

आता गोळीकडे येऊ. डिसोल्युशनच्या यंत्रात काचेची सहा भांडी एका रांगेत बसवलेली असतात. प्रत्येकात साधारण ९०० मिलिलिटर द्रव, तापमान शरीराचे म्हणजे ३७ अंश, आणि मिनिटाला ५० फेरे घेणारे वल्हे. एकेका भांड्यात एकेक गोळी सोडायची, ठरलेल्या मिनिटाला थोडा द्रव काढायचा, तेवढाच ताजा द्रव पुन्हा घालायचा आणि त्यात औषध किती उतरले ते यूव्ही यंत्रावर पाहायचे. गोळीत औषध आहे एवढ्याने भागत नाही, ते वेळेत सुटले पाहिजे. सहापैकी एक गोळी मागे राहिली तर ती का राहिली, या एका प्रश्नावर एम. फार्म.चा विद्यार्थी आठवडे घालवतो. कारण कधी दाब जास्त बसलेला असतो, कधी बाइंडर, म्हणजे गोळी बांधून ठेवणारा पदार्थ, जास्त झालेला असतो, तर कधी नुसता नमुना चुकीच्या मिनिटाला काढलेला असतो.

याच संदर्भात धाराशिवचा म्हणून एक प्रश्न उभा राहतो. औषध टिकेल की नाही हे लवकर कळावे म्हणून ते ४० अंश तापमानात आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून तपासतात. त्यासाठी महागडा स्टॅबिलिटी चेंबर लागतो. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी बाहेरचा पारा चाळिशी सहज गाठतो, फक्त हवा कोरडी असते. ‘३० अंशांखाली ठेवावे’ अशी सूचना छापलेली स्ट्रिप पत्र्याच्या घरात, फळीवर, उन्हाळाभर पडून असते. तिच्यातले औषध किती उरते? परांडा किंवा भूमच्या एखाद्या वस्तीवरच्या घरात तापमानाची नोंद ठेवून हा अभ्यास करता येईल. त्यासाठी परदेशी यंत्रसामग्रीपेक्षा चिकाटी जास्त लागेल. माझ्या मते जिल्ह्यातल्या अध्यापकांनी असेच विषय हाती घ्यावेत. मुंबईत आयसीटीमध्ये प्रा. वंदना पत्रावळे यांच्यासारख्यांनी अतिसूक्ष्म कणांतून औषध पोचवण्यावर काम केले आहे. त्या कामाचा अभिमान जरूर बाळगावा, पण त्याची दुय्यम नक्कल करण्यात हशील नाही.

फार्माकॉग्नोसीला तर हा प्रदेश अनुकूलच आहे. बालाघाटच्या डोंगरात सीताफळ आहे, माळरानावर पिवळ्या फुलांचा तरवड आहे, येडशीच्या रामलिंग अभयारण्यात झाडोरा आहे. तरवडाची फुले मधुमेहावर चालतात असे गावोगाव सांगतात. सीताफळाच्या बिया वाटून उवांवर लावतात. पण ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा करते, हेही तितकेच खरे. या ऐकीव ज्ञानाचा आदर करायचा आणि तरीही ते तपासायचे, ही दुहेरी कसरत संशोधकाला जमावी लागते. पहिली पायरी दिसायला अगदी कारकुनी असते. फुलासकट फांदी आणायची, दाबून वाळवायची, वनस्पतितज्ज्ञाकडून ओळख पटवून घ्यायची आणि तिला व्हाउचर नंबर द्यायचा. हे केले नाही, तर पुढचा सारा अभ्यास नेमका कोणत्या झाडावर झाला हेच सांगता येत नाही.

लेखी पुराव्याचे मोल हळदीच्या प्रकरणात साऱ्या देशाने पाहिले. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर), यूडीसीटीचेच विद्यार्थी असलेल्या डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली, त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ‘आमची आजी लावायची’ एवढ्याने ते रद्द झाले नसते. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापलेला निबंध, असे कागद पुढे ठेवावे लागले. मराठीपुरते बोलायचे तर डॉ. वामन गणेश देसाई यांच्या ‘औषधीसंग्रह’ या ग्रंथाने हे नोंदीचे काम फार पूर्वी केले आहे. नव्या वाचकाने तो चाळावा.

पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत महाराष्ट्राने थोडी कॉलर ताठ करायला हरकत नाही. कोकाटे, पुरोहित आणि गोखले यांचे फार्माकॉग्नोसीचे पुस्तक किंवा कदम, महाडिक आणि बोथरा यांचे मेडिसिनल केमिस्ट्रीचे पुस्तक, दोन्ही पुण्याच्या निराली प्रकाशनाची. अध्यापकांनी वर्गात शिकवता शिकवता ही पुस्तके घडवली. ती इंग्रजीत आहेत, परीक्षाही इंग्रजीत असते. पण जिल्ह्याच्या वर्गात समजावणे मराठीतच चालते, आणि तसे नसते तर निम्मी मुले मागच्या बाकावर गप्प बसली असती.

सारे काही आलबेल आहे असे मात्र वाचकांनी समजू नये. पदोन्नतीसाठी निबंधांची संख्या मोजली जाऊ लागल्यापासून पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके बोकाळली. एकाच वनस्पतीचा अर्क, नेहमीचीच एक चाचणी आणि ‘परिणाम उत्साहवर्धक’ असा ठरीव शेवट, असे निबंध चळतीने पडतात. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या तरुण अध्यापकाकडून उत्तम संशोधनाची अपेक्षा करणेही न्यायाचे नाही. दुसरीकडे काही बदल चांगले आहेत. बी. फार्म.चे प्राण्यांवरील प्रयोग आता सॉफ्टवेअर आणि व्हिडिओंच्या आधारे दाखवले जातात, आणि संशोधनासाठी प्राणी वापरायचे तर नैतिकता समितीची मंजुरी लागते. २०१० मध्ये सुरू झालेल्या औषधसतर्कता कार्यक्रमामुळे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद देशपातळीवर होते. या नोंदी खेड्यापाड्यांतून याव्यात यासाठी फार्मसीचा शिक्षक आणि जिल्हा रुग्णालय यांचे जुळले पाहिजे. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही असल्याने ते अवघड राहिलेले नाही.

मग तुम्ही सुरुवात कोठून कराल? शोधनिबंधांपासून करू नका, त्यांची भाषा पहिल्याच पानावर दमवते. आधी एखाद्या विद्यार्थ्याचे प्रॅक्टिकलचे जर्नल मागून पाहा. लाल शाईतले शेरे वाचा, शिक्षक कशावर अडून बसतो ते त्यांतून कळेल. मग घरातली एक स्ट्रिप घ्या आणि तिच्यावरचे ‘आयपी’ हे दोन अक्षरी चिन्ह शोधा. १९५५ पासून निघणाऱ्या भारतीय औषधसंहितेने (इंडियन फार्माकोपिया, म्हणजेच आयपी) त्या औषधासाठी काय काय अटी घातल्या असतील, ते एखाद्या फार्मासिस्टला विचारा. त्यानंतर, परीक्षांचा आणि इन्स्पेक्शनचा काळ टाळून, रीतसर परवानगी घेऊन एखाद्या विभागाला भेट द्या. यंत्रांच्या किमती विचारू नका, त्या सगळेच सांगतात. गेल्या वर्षी कोणता प्रयोग फसला आणि का, एवढे मात्र जरूर विचारा, आणि उत्तरासाठी निदान अर्धा तास हाताशी ठेवा. मास्तर एकदा खुलले की तेवढा लागतोच.