हात बसण्याचा इतिहास

डहाणू रोडहून मुंबईकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीत एक प्रवासी हमखास भेटतो. कमरेला पट्टा, हातात एमआरआयचे मोठे पाकीट, जागा मिळाली तरी फार वेळ बसवत नाही म्हणून दाराशी उभा. तलासरीकडची माणसे कधी हीच गाडी धरतात, तर कधी वापी-वलसाडला जातात. 'मणक्यातली चकती बदलावी लागेल', असे कोणीतरी सांगितलेले असते. मग घरात चर्चा सुरू होते. कोणी रुग्णालयाची इमारत पाहतो, कोणी पुतण्याची ओळख काढतो, कोणी नव्या यंत्राची जाहिरात दाखवतो. 'डॉक्टरसाहेब, अशी ऑपरेशने तुम्ही आजवर किती केलीत?' हा साधा प्रश्न मात्र बहुधा विचारलाच जात नाही. डॉक्टरांचा अपमान होईल, असे आपल्याला वाटते.

या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे आणि त्यातले एक पान पुण्याजवळ लिहिले गेले आहे.

सुरुवात सुश्रुतापासून करावी लागेल. सुश्रुतसंहितेत शिष्याच्या सरावासाठी एक स्वतंत्र अध्याय आहे. कापण्याचा सराव कोहळा, दुध्या, काकडी यांवर करावा. वेध घेण्याचा सराव कमळाच्या देठावर आणि मेलेल्या जनावराच्या शिरेवर करावा, असे त्यात सांगितले आहे. सारे शास्त्र पाठ असले तरी ज्याने सराव केलेला नाही तो कामाला अयोग्य, हा त्याचा आशय. पदवी वेगळी आणि हात बसणे वेगळे, हा भेद आपल्याकडे इतका जुना आहे.

आता 18व्या शतकाच्या शेवटाकडे येऊ. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी 1792 च्या युद्धात टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. हा माणूस जातीने विटा करणारा होता. त्याने आधी मेणाचे नाक घडवले, ते सपाट करून कपाळावर त्याची आकृती आखली, तेवढी कातडी सोडवली आणि दोन भुवयांमधला देठ तसाच ठेवून ती खाली वळवून बसवली. देठ राखल्यामुळे कातडीचा रक्तपुरवठा चालू राहिला. सांधा धरण्यासाठी त्याने काथ वापरला. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली आणि 1794 साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये तिचे सचित्र वर्णन छापून आले.

ते वर्णन जोसेफ कार्प्यू या लंडनच्या शल्यचिकित्सकाच्या वाचनात आले. त्याने लगेच सुरी उचलली नाही. मृतदेहांवर तो पुन्हा पुन्हा सराव करत राहिला आणि जिवंत रुग्णावर पहिली शस्त्रक्रिया त्याने 1814 साली केली. मधे 20 वर्षे गेली. कृती छापून आली होती, चित्रही समोर होते. पण पुण्याच्या त्या कारागिराचा बसलेला हात काही छापून येण्यासारखा नव्हता.

सरावाला आकडा मिळाला तो 20व्या शतकात, आणि तोही विमानाच्या कारखान्यात. टी. पी. राइट या अमेरिकन अभियंत्याने 1936 साली दाखवले, की बांधलेल्या विमानांची संख्या दुप्पट झाली की प्रत्येक विमानाला लागणारे श्रम सुमारे 20 टक्क्यांनी घटतात. यालाच आपण शिकण्याचा आलेख म्हणतो. वैद्यकात हा प्रश्न 1979 साली हॅरॉल्ड लुफ्ट व सहकाऱ्यांनी विचारला. त्यांनी 1498 रुग्णालयांतल्या 12 प्रकारच्या शस्त्रक्रिया तपासल्या. हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या काही अवघड शस्त्रक्रिया वर्षाला 200 किंवा अधिक करणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण 25 ते 41 टक्क्यांनी कमी आढळले. पित्ताशय काढण्यासारख्या शस्त्रक्रियेत मात्र संख्येचा आणि मृत्यूच्या प्रमाणाचा संबंध आढळला नाही. याचा अर्थ असा, की अनुभवाचे मोल प्रत्येक शस्त्रक्रियेत सारखे नसते. काम जितके अवघड, तितका आलेख लांब.

चकती बदलणे हे असेच लांब आलेखाचे काम आहे. आपल्या मणक्यांमध्ये 23 चकत्या असतात. प्रत्येकीच्या मध्यभागी जेलीसारखा गर आणि भोवती चिवट तंतूंची कडी. चकती फाटून गर बाहेर आला की मज्जातंतूवर दाब येतो, हे मिक्स्टर आणि बार यांनी 1934 साली सिद्ध केले. पुढे स्वीडनच्या फर्नस्ट्रॉम यांनी खराब चकतीच्या जागी पोलादी गोळ्या बसवून पाहिल्या. त्या हाडात रुतू लागल्या. 1980 नंतरच्या दशकात पूर्व बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात शेलनाक आणि कारिन ब्यूटनर-यांझ यांनी दोन धातूच्या तबकड्या व मध्ये प्लॅस्टिकचा सरकता गाभा, अशी चकती तयार केली. ती 1984 साली प्रथम रुग्णाला बसवली गेली. यातल्या कारिन यांझ म्हणजे 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदके जिंकणारी खेळाडू! ही चकती पुढे मागे पडली आणि दुसऱ्या रचना आल्या.

कमरेची चकती पोटाच्या बाजूने बसवावी लागते. वाटेत शरीरातल्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिन्या असतात. त्या अलगद बाजूला साराव्या लागतात. चकती मध्यरेषेपासून थोडी जरी सरकली तरी सांध्यावरचा भार बदलतो. पुन्हा उघडायची वेळ आली तर व्रणाच्या तंतूंनी त्या वाहिन्या चिकटून बसलेल्या असतात आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा कितीतरी धोक्याची होते. म्हणून पहिल्याच हाताला महत्त्व. अमेरिकेत या चकतीची चाचणी झाली तेव्हा सर्जनांच्या सरावाच्या 71 शस्त्रक्रिया मुख्य 304 रुग्णांपासून वेगळ्या मोजल्या गेल्या. जास्त शस्त्रक्रिया करणाऱ्यांकडे ऑपरेशनचा वेळ आणि रुग्णालयातला मुक्काम कमी, हेही तिथे दिसले. 2004 साली तिथे या चकतीला मान्यता मिळाली.

पण नुसत्या आकड्यावर भुलू नये. जो अनेक ऑपरेशने करतो, तो गरज नसतानाही करत नसेल ना? बहुतेक कंबरदुखी ऑपरेशनाशिवाय बरी होते. ठिसूळ हाडे, मागच्या सांध्यांची झीज, जंतुसंसर्ग असेल तर ही चकती बसवतच नाहीत. आपल्या देशात मणक्याचा क्षयही पाठदुखीच्या रूपाने येतो. ताप, वजन घटणे, रात्रीचे दुखणे असेल तर आधी त्याची तपासणी हवी. अशा वेळी 'तुम्हाला चकती नको' असे सांगणारा डॉक्टर हाच खरा अनुभवी.

तेव्हा गाडीत पाकीट घेऊन उभ्या असलेल्या माणसाला आपण चार प्रश्न देऊ. मला हे ऑपरेशन का हवे, दुसरा उपाय कोणता? तुम्ही स्वतः अशी किती केलीत आणि गेल्या वर्षी किती? त्यांतल्या किती जणांना त्रास झाला? रक्तवाहिन्यांचा तज्ज्ञ सोबत असेल का? मेडिकल कौन्सिलची नोंदणी डॉक्टर पात्र असल्याचे सांगते; हात बसल्याचे सांगत नाही. धोके आणि पर्याय समजून घेऊन संमती देणे हा रुग्णाचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली स्पष्ट केले आहे. तेव्हा विचारण्यात अपमान कसला?

दिवाळीनंतर डहाणू-तलासरीतली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. ओणवे होऊन दिवसभर विटा थापणाऱ्या त्या माणसांच्या कमरा सर्वांत आधी जातात. चौथीतले त्यांचे मूलही सांगेल, की नवख्याच्या विटेचा कोपरा मोडतो आणि जुन्या हाताची वीट साच्यातून सुबक निघते. वर्गात हा प्रयोग करून पाहा. आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला सांगा, 20 वेळा, आणि प्रत्येक वेळचे सेकंद आलेखावर मांडा. रेषा आधी झपाट्याने उतरेल, मग सपाट होईल. मग मुलांना विचारा: आपल्या आईचे ऑपरेशन या रेषेच्या कोणत्या टोकाला असलेल्या माणसाकडून करून घ्याल? आणि त्यानंतरचा अवघड प्रश्न: सारेच असे म्हणू लागले, तर नवा सर्जन शिकणार कोणावर? सुश्रुताने या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोहळ्यापासून सुरू केले होते, कार्प्यूने मृतदेहापासून. आजचा नवा सर्जन अनुभवी सर्जनाच्या शेजारी उभा राहून, त्याच्या नजरेखाली शिकतो. तेव्हा पाचवा प्रश्नही विचारायला हरकत नाही: सुरी प्रत्यक्ष कोणाच्या हातात असेल आणि शेजारी कोण उभे असेल?