शिसे, मेण आणि काळी दारू

१८५७ च्या उठावातील काडतुसांची हकिकत मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक असते. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्येही त्या काडतुसांची चर्चा येते. दातांनी फोडायची काडतुसे, त्यांना लावलेली चरबी, ती गाईची की डुकराची ही शंका, आणि त्या शंकेतून भडकलेला असंतोष. मात्र काडतुसाला मुळात चरबी लावायचीच कशाला, हे फारसे कोणी विचारत नाही. हा प्रश्न धरून तुम्ही मागे गेलात, तर एका जुन्या आणि आजही जिवंत असलेल्या विद्येपाशी पोहोचाल. काळ्या दारूच्या काडतुसासाठी गोळी कशी निवडावी आणि तिला वंगण कोणते द्यावे, एवढाच तिचा विषय. वाचकांनी तो परका मानू नये, म्हणून हे चार शब्द.

सुरुवात दारूपासून करावी. काळ्या दारूत सुमारे ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असते. ती जळते तेव्हा वजनाच्या निम्म्याहून अधिक भागाचा वायू होतच नाही; पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड असे क्षार मागे राहतात. काही धुरातून निघून जातात, बाकीचे नळीतल्या पीळदार खाचांवर बसतात. हे कीट ओलसर आहे तोवर शेतातल्या चिखलासारखे मऊ असते आणि पुढची गोळी ते सहज पुसत नेते. वाळले की त्याची खपली होते. मग गोळी त्यावर खरवडली जाते, नेम बिघडतो, शिसे नळीला चिकटते. धूरविरहित दारू वापरणाऱ्याला ही अडचण जवळपास येत नाही, त्यामुळे वंगण म्हणजे गोळी सरकवणारे तेल अशी त्याची समजूत असते. काळ्या दारूच्या वंगणाचे पहिले काम कीट मऊ ठेवण्याचे आहे. नवख्या वाचकाने एवढे एकच मनात पक्के केले, तरी पुढचे बहुतेक नियम त्याला स्वतःच सुचू लागतील.

१८५७ ची ती काडतुसे ज्या एनफील्ड रायफलची होती, तिचेच पाहा. १८५३ च्या नमुन्याची ही रायफल ठासणीची होती. नळीचा व्यास ०.५७७ इंच, गोळी त्याहून किंचित लहान आणि कागदात गुंडाळलेली. ती नळीच्या तोंडातून खाली ठासायची, तीही आधीच्या बारांचे कीट साचलेल्या नळीतून. कागदाला बाहेरून वंगण नसते तर काही बारांनंतर गोळी खाली उतरलीच नसती. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळ दमदमला चरबीविषयीची शंका उघड झाली आणि त्याच महिन्यात शिपायांना आपल्या पसंतीचे वंगण लावण्याची मुभा मिळाली. विश्वास मात्र तोवर उडालेला होता. वंगणाची गरज खरी होती. ती भागवताना ज्यांच्या तोंडी काडतूस जाणार त्यांना कोणी विचारले नाही, हेही खरे.

पुढे धातूची काडतुसे आली आणि ही विद्या बहराला आली. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्रीत कागद गुंडाळलेली ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची गोळी होती आणि तिच्या मागे मेणाची चकती. अमेरिकी सैन्याने १८७३ मध्ये ०.४५ इंची गोळी आणि ७० ग्रेन दारूचे काडतूस घेतले. दुसऱ्याच वर्षी न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर येथे ८००, ९०० आणि १००० यार्डांवर आयर्लंड आणि अमेरिका यांचा सामना झाला. आयरिश संघाच्या बंदुका ठासणीच्या, अमेरिकनांच्या मागून काडतूस भरण्याच्या. अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी जिंकली. शिसे आणि काळी दारू यांच्या बळावर हजार यार्डांवर इतकी चुरस होऊ शकते, याचे मला आजही कौतुक वाटते.

आता गोळीकडे वळू. काळी दारू पेटताच गोळीच्या बुडावर धक्का बसतो आणि मऊ शिसे फुगून खाचांत घट्ट बसते. शिसे फार कडक असेल तर हे नीट घडत नाही. फार मऊ असेल तर लांब गोळीचे टोक दबून वाकडे होते. म्हणून शिशात थोडे कथील मिसळतात. वीस भाग शिशाला एक भाग कथील हे प्रमाण पुष्कळांना मानवले आहे. गोळी जितकी लांब, तितका नळीचा पीळ घट्ट हवा. आणि बूड निर्दोष हवे. टोकावरचा बारीक डाग खपून जातो. बुडाची कड मोडलेली असेल तर गोळी नळीबाहेर पडतानाच कलते. कागद गुंडाळलेली गोळी मला अधिक देखणी वाटते, पण नवख्याने अंगावर वंगणाच्या खाचा असलेल्या गोळीपासून सुरुवात करावी. त्या खाचा रुंद आणि खोल असाव्यात. धूरविरहित दारूसाठी बनवलेल्या गोळीत वंगणाला जागा अपुरी असते, आणि लांब नळीत ते वाटेतच संपते.

वंगणाचा पाया मधमाश्यांचे मेण. त्यात प्राणिज चरबी किंवा वनस्पती तेल मिसळतात. खनिज तेलाचे ग्रीस टाळलेले बरे, कारण कीटाशी मिसळून त्याचा काळा चिकट थर होतो. उन्हाळ्यात मेण थोडे वाढवावे, थंडीत तेल. कोरड्या हवेत एकटे वंगण पुरत नाही; तिथे नेमबाज दोन बारांच्या मध्ये नळी पुसतात किंवा मागच्या बाजूने नळकांडे लावून आत फुंकर घालतात. श्वासातली वाफ कीट ओलावते.

भारतात काडतुसे बनवायला शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो, त्यामुळे इथल्या बहुतेक वाचकांसाठी हा वाचनाचा आणि संग्रहालयातल्या बंदुका नव्या नजरेने पाहण्याचा विषय राहील. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी मात्र काळ्या दारूच्या रायफलींची एखादी स्पर्धा पाहायला जरूर जावे. तिथे २०० ते ५०० मीटरवरच्या कोंबडी, डुक्कर, टर्की आणि मेंढा अशा पोलादी आकृत्या पाडण्याचा खेळ खेळला जातो. तुम्ही गेलात तर आकृतीकडे पाहण्याआधी नेमबाजाचे हात पाहा. मग बंदूक रिकामी झाल्यावर, त्याच्या परवानगीने, नळीचे तोंड पाहा. तिथे वंगणाची ओलसर, चांदणीसारखी नक्षी दिसली तर वंगण शेवटपर्यंत पुरले आहे. तोंड कोरडे आणि खरबरीत असेल, तर गोळी कोणती आणि मेणात काय मिसळले आहे, हे त्याला अवश्य विचारा.