कारंजा ते बर्कले : एका सार्वजनिक विद्यापीठातील जैनविद्येची वाटचाल

आहार, औषध, अभय आणि शास्त्र अशी दानाची चार रूपे जैन परंपरेने सांगितली आहेत. त्यांपैकी शास्त्रदानाचे फळ सर्वांत उशिरा दृष्टीस पडते, परंतु ते सर्वांत दूरवर पोहोचते. ताडपत्रांवरील ग्रंथांच्या प्रती करवून घेऊन त्या भांडारांना अर्पण करणाऱ्या श्रावक-श्राविकांना आपला ग्रंथ पुढे कोण वाचील याची कल्पना नसे. विसाव्या शतकात या श्रुतसंपदेस एक अनपेक्षित वाचक लाभला. तो म्हणजे सातासमुद्रापलीकडील सार्वजनिक विद्यापीठ. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

संस्कृतच्या वर्गापासून आरंभ

कॅलिफोर्निया विद्यापीठाची स्थापना १८६८ मध्ये झाली. १८६२ च्या कायद्यान्वये अमेरिकेच्या मध्यवर्ती शासनाने राज्यांना जमिनी देऊन ज्या उच्च शिक्षणसंस्थांना चालना दिली, त्यांत या विद्यापीठाची गणना होते. शेती व यंत्रविद्या शिकविणे हे त्या कायद्याचे मुख्य प्रयोजन होते. तरीही विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात तेथे आर्थर रायडर हे संस्कृतचे अध्यापन करू लागले. त्यांचा पंचतंत्राचा इंग्रजी अनुवाद १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि लोकप्रिय ठरला. इ. स. ११९९ मध्ये जैन मुनी पूर्णभद्र यांनी सिद्ध केलेला पाठ हा त्या अनुवादाचा आधार होता. अशा रीतीने, जैनविद्या हा शब्दही त्या परिसरात रूढ होण्यापूर्वी एका जैन मुनीची वाणी तेथे पोहोचली होती. १९३३ च्या सुमारास रायडर यांच्याकडे संस्कृत शिकण्यासाठी येणाऱ्यांत त्याच विद्यापीठातील पदार्थवैज्ञानिक रॉबर्ट ओपेनहायमर हेही होते. विद्याशाखांच्या भिंती ओलांडण्याची वृत्ती केंद्रे स्थापन होण्याच्या आधीपासूनच तेथे होती, याचे हे उदाहरण होय.

त्यानंतरच्या पिढीत मरे एमेनो यांनी संस्कृत आणि भाषाविज्ञान यांची सांगड घातली. यवतमाळ-वर्धा परिसरातील कोलाम बांधवांच्या कोलामी भाषेवरील त्यांचा ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. विदर्भातील एका लहानशा भाषेचे व्याकरण कॅलिफोर्नियात छापले गेले, ही घटना लक्षणीय आहे.

गहू, उपग्रह आणि ग्रंथ

ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा उपग्रह अवकाशात सोडला आणि अमेरिका हादरली. पुढील वर्षी, १९५८ मध्ये, तेथे राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा संमत झाला. त्याच्या सहाव्या प्रकरणानुसार परदेशी भाषांचे शिक्षण आणि प्रदेशविषयक अभ्यासकेंद्रे यांना शासकीय अनुदान मिळू लागले. हेतू राजकीय होता. जगातील ज्या भागांशी संबंध येणार, त्यांच्या भाषा जाणणारी माणसे त्या राष्ट्राला हवी होती.

या केंद्रांची घडण समजून घेण्यासारखी आहे. प्राध्यापकाची नेमणूक सामान्यतः इतिहास, राज्यशास्त्र, संस्कृत अशा एखाद्या विभागात होते. केंद्र या निरनिराळ्या विभागांतील अभ्यासकांना एका प्रदेशाच्या निमित्ताने एकत्र आणते. भाषा शिकणाऱ्यांना शिष्यवृत्त्या देणे, ग्रंथखरेदीस हातभार लावणे, परिसंवाद भरविणे आणि शालेय शिक्षकांसाठी वर्ग घेणे ही कामे केंद्राकडे असतात. बर्कले येथील दक्षिण आशिया अभ्यासकेंद्र याच पठडीतील. १९८७ मध्ये तेथे टाउनसेंड मानव्यविद्या केंद्राची भर पडली. एका विषयाच्या चौकटीत न मावणाऱ्या प्रश्नांवर निरनिराळ्या विभागांच्या अभ्यासकांनी एकत्र चर्चा करावी, ही त्यामागील भूमिका.

ग्रंथांची कथा तर आपल्या घरापर्यंत येऊन भिडते. १९५४ च्या पी. एल. ४८० या कायद्याखाली अमेरिकेने भारतास धान्य विकले व त्याची किंमत रुपयांत स्वीकारली. टंचाईच्या काळात शिधावाटप दुकानांपुढे रांगा लावून घेतलेला तो गहू ज्येष्ठांच्या स्मरणात आहे. त्या रुपयांचा काही भाग भारतीय ग्रंथ विकत घेण्यासाठी वापरण्यात आला. १९६२ पासून दिल्लीतील कार्यालयामार्फत निरनिराळ्या भारतीय भाषांतील पुस्तके अमेरिकेतील निवडक विद्यापीठांकडे जाऊ लागली. बर्कले त्यांपैकी एक होते. मराठी पुस्तकांनाही त्या ग्रंथालयांत जागा मिळाली. येथील माणसाने गव्हासाठी मोजलेल्या पैशांतून तेथील विद्यार्थ्याला ग्रंथ मिळाले, ही इतिहासातील एक विलक्षण देवघेव म्हणावी लागेल.

कारंजाचा विद्यार्थी

ग्रंथ असले तरी ते उलगडून सांगणारा गुरू लागतो. बर्कले येथे तो लाभला डॉ. पद्मनाभ जैनी यांच्या रूपाने. त्यांचा जन्म १९२३ मध्ये कर्नाटकातील मूडबिद्रीजवळील नेल्लिकार या गावी दिगंबर जैन कुटुंबात झाला. प्राथमिक शिक्षणानंतर वडीलधाऱ्यांनी त्यांना विदर्भातील कारंजा येथील गुरुकुलात पाठविले. पुढे प. पू. समंतभद्र महाराज म्हणून वंदनीय झालेल्या ब्रह्मचारी देवचंदजी यांनी १९१८ मध्ये स्थापन केलेला हाच तो महावीर ब्रह्मचर्याश्रम. कारंजातील ग्रंथभांडारांची थोरवी डॉ. हिरालाल जैन यांच्या संशोधनाने विद्वज्जगतास एव्हाना कळली होती. येथील हस्तलिखितांच्या आधारे अपभ्रंश भाषेतील काव्ये प्रथमच मुद्रित रूपात प्रकाशात येत होती.

या वातावरणात वाढलेल्या जैनी यांनी १९४७ मध्ये नाशिकच्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयातून पदवी घेतली. अहमदाबाद येथे पं. सुखलालजी संघवी यांचे मार्गदर्शन त्यांना मिळाले. श्रीलंकेत राहून त्यांनी पाली त्रिपिटकाचे अध्ययन केले. काशी हिंदू विद्यापीठात अध्यापन केल्यानंतर १९५६ मध्ये ते लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संस्थेत रुजू झाले. १९६७ मध्ये मिशिगन आणि १९७२ मध्ये बर्कले असा त्यांचा पुढील प्रवास झाला. १९९४ मध्ये ते निवृत्त झाले आणि मे २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

बर्कले येथे त्यांची नेमणूक बौद्धविद्येसाठी होती आणि तेथील बौद्धविद्या अभ्यासगटाच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. जैनविद्येचे स्वतंत्र पद त्या काळी तेथे नव्हते. तरीही त्यांनी १९७९ मध्ये ‘द जैन पाथ ऑफ प्युरिफिकेशन’ हा ग्रंथ लिहिला. इंग्रजीतून जैनधर्माचा परिचय करून घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी याच ग्रंथापासून आरंभ केला.

त्यांचा १९९१ मधील ग्रंथ स्त्रीमुक्तीच्या वादाविषयी आहे. स्त्रीपर्यायातून मोक्ष संभवतो की नाही, हा दिगंबर आणि श्वेतांबर परंपरांतील शतकानुशतकांचा मतभेद. जैनी यांनी कुंदकुंदाचार्य व प्रभाचंद्र यांची दिगंबर मांडणी, यापनीय आचार्य शाकटायन यांचे स्त्रीनिर्वाणप्रकरण आणि श्वेतांबर मेघविजय यांचे विवेचन एकाच ग्रंथात अनुवादित करून समोर ठेवले. जन्माने आणि शिक्षणाने दिगंबर असलेल्या विद्वानाने प्रतिपक्षाचे म्हणणे तितक्याच निष्ठेने मांडावे, यात अनेकान्तदृष्टीचे प्रत्यक्ष आचरण दिसते. ज्या चर्चेस एखाद्या सभेत कटुतेचे वळण लागू शकले असते, ती विद्यापीठाच्या मोकळ्या व्यासपीठावर शांतपणे होऊ शकली.

आश्रय आणि उत्तरदायित्व

एकविसाव्या शतकात चित्र पालटले. २०१० मध्ये फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठात भगवान महावीरांच्या नावे जैनविद्येचे प्राध्यापकपद निर्माण झाले. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन, डेव्हिस, रिव्हरसाइड आदी शाखांतही जैन अध्यासने उभी राहिली. त्यांमागे प्रवासी जैन समाजाचे दातृत्व आहे. याउलट, सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी शिक्षण विभागाने प्रदेश-अभ्यासकेंद्रांचे व भाषा-शिष्यवृत्त्यांचे चालू अनुदान पुढे न देण्याचे कळविले. राजकीय गरजेपोटी सुरू झालेला आश्रय राजकीय निर्णयाने थांबू शकतो, हा धडा त्यातून मिळतो.

समाजाच्या दानालाही एक मर्यादा पाळावी लागते. अध्यासनाचा निधी देणाऱ्याने निष्कर्षही ठरवून देऊ म्हटले, तर विद्येचे तेज मावळते. जैनी यांचे ग्रंथ टिकले, ते त्यांच्यावर कोणत्याही पक्षाचा दाब नव्हता म्हणून.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी भारत शासनाने मराठीसोबत प्राकृत आणि पाली या भाषांनाही अभिजात दर्जा जाहीर केला. सन्मान झाला, परंतु प्राकृत वाचणारे विद्यार्थी घडविण्याचे काम सन्मानपत्राने होत नाही. कारंजाच्या गुरुकुलाने दूरच्या गावाहून आलेल्या एका मुलाला भोजन, निवास आणि शास्त्राध्ययन दिले. त्या शास्त्रदानाचे फळ अर्ध्या शतकानंतर बर्कले येथे दिसले. आज एखाद्या होतकरू विद्यार्थ्याला प्राकृत शिकण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती उद्या कोठे फळेल, हे कोणी सांगू शकणार नाही. श्रुतपंचमीला ग्रंथांची पूजा होते. त्या ग्रंथांना वाचक मिळवून देणे ही तिची सांगता होय.