बाणाची कुळकथा

औंढा नागनाथ तालुक्यातल्या शिरड शहापूरची शाळा असो की दुसरी कुठली, परिसर अभ्यासाच्या तासाला फळ्यावर अन्नसाखळी येतेच: गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. मधे बाण काढायला सांगितले की कितीतरी मुले ते उलटे काढतात. घारीकडून सापाकडे, सापाकडून बेडकाकडे. मला यात मुलांचा अडाणीपणा दिसत नाही. घार सापावर झडप घालते आणि ज्याच्यावर नेम धरला त्याच्याकडे टोक, हे बाणाबद्दल त्यांनी रामायण-महाभारतातून ऐकलेलेच असते.

पुस्तकातला बाण मात्र धनुष्यातून सुटलेला नाही, तो पाण्यातून आला. युरोपातल्या छापील पुस्तकांत आधी लक्ष वेधायला बोट रोखलेला हात काढत. बेर्नार फोरे द बेलिदोर या फ्रेंच अभियंत्याचा पाण्याच्या यंत्रांवरचा मोठा ग्रंथ १७३७ पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्यातल्या पाणचक्राच्या आकृतीत प्रवाह कुठून कुठे जातो ते बाणांनी दाखवले आहे. दिशा सांगणाऱ्या बाणाच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. जलचक्राच्या तक्त्यात समुद्राकडून ढगाकडे जाणारा बाण थेट याच घराण्यातला.

अन्नसाखळीतलाही त्याच कुळातला. समरहेज आणि चार्ल्स एल्टन या शास्त्रज्ञांनी १९२३ मध्ये उत्तर ध्रुवाकडच्या बेअर बेटावर कोण कोणाचे अन्न आहे, ते बाणांच्या जाळ्यातून मांडले. एल्टन यांच्या १९२७ च्या पुस्तकाने अन्नसाखळीची कल्पना रुजवली. इथेही वाहणे आहेच. गवतात साठलेली ऊर्जा नाकतोड्यात जाते, त्याच्यातून बेडकात. म्हणून टोक खाणाऱ्याकडे.

आता याच औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटरच्या. गुरुत्वीय लहर जाताना एक भुजा अणूहूनही कितीतरी कमी अंतराने ताणली जाते, तेव्हा दुसरी आखडते. समजावताना तेही बाणांनीच दाखवतात, पण त्या बाणातून काहीच वाहत नाही. खूण तीच, काम निराळे, आणि हे मुलांना कोणी सांगत नाही.

तेव्हा गुरुजी, बाई, उलटा बाण खोडण्याआधी मुलाला एवढे विचारा: हा बाण काय घेऊन निघालाय, आणि कुणाकडे?