दप्तर आणि स्मृती : तृतीयपंथी समाजाच्या मौखिक इतिहासाच्या जतनाचा प्रश्न

प्रस्तावना

दौंड हे लोहमार्गाच्या आधाराने वाढलेले गाव आहे. मुंबईहून सोलापूरमार्गे दक्षिणेकडे जाणारा मार्ग, 1878 साली सुरू झालेला मनमाडचा मार्ग आणि बारामतीचा फाटा हे तिन्ही येथे एकत्र येतात. या स्थानकातून नित्य ये-जा करणाऱ्यांना तृतीयपंथी अपरिचित नाहीत. टाळी वाजते, डब्यातील काही जण खिशात हात घालतात, काही खिडकीबाहेर पाहू लागतात, आणि गाडी केडगाव सोडून पाटसकडे निघते. प्रस्तुत लेखकानेही पुणे-दौंड हा प्रवास कित्येक वर्षे असाच केला. एम.फिल.साठी मराठेशाहीतील वतने व हक्क हा विषय अभ्यासताना पाटील, कुलकर्णी, जोशी, गुरव आणि बलुतेदार यांच्या हक्कांच्या याद्या तयार केल्या. परंतु डब्यात समोर उभ्या असलेल्या व्यक्तीच्या पूर्वसुरींनाही त्याच व्यवस्थेत काही हक्क असू शकेल, ही शंका तेव्हा मनाला शिवली नाही. ही उणीव साधनांची नव्हती, पाहणाऱ्याची होती, हे येथे आरंभीच मान्य केले पाहिजे.

संज्ञेविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. 'तृतीयपंथी' हा शब्द शासकीय व वृत्तपत्रीय मराठीत रूढ झाला आहे. अलीकडे 'पारलिंगी' ही अधिक व्यापक संज्ञाही वापरली जाते. 'हिजडा' हा शब्द शिवी म्हणून वापरला जात असला, तरी गुरू-चेला परंपरेतील अनेक जण तो स्वतःची ओळख म्हणून अभिमानाने स्वीकारतात. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या 2012 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाचे शीर्षकच 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' असे आहे. प्रस्तुत निबंधात संदर्भानुसार दोन्ही शब्द योजले आहेत.

दप्तरातील हक्कदार

लॉरेन्स प्रेस्टन यांनी 1987 साली 'मॉडर्न एशियन स्टडीज' या नियतकालिकात एकोणिसाव्या शतकातील हिजडे आणि राज्यसंस्था यांच्यावर एक लेख लिहिला. मुंबई इलाख्यातील, विशेषतः दख्खनमधील, सरकारी कागदपत्रांवर तो आधारलेला आहे. त्यातून दिसणारे चित्र आपल्या रूढ समजुतीस धक्का देणारे आहे. मराठी सत्तेच्या काळात येथील हिजड्यांना गावोगाव ठराविक रक्कम वा धान्य मागण्याचा अधिकार होता. काहींकडे इनाम जमिनी होत्या आणि आपल्या दाव्याच्या पुष्ट्यर्थ ते सनदा पुढे करीत. आज ज्याला आपण सर्रास 'भीक' म्हणतो, ते त्या व्यवस्थेच्या भाषेत 'हक्क' या सदरात मोडत होते. भीक देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, हक्कास कागदाचा आधार असतो. वतनसंस्थेच्या अभ्यासकास हा भेद वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

कंपनी सरकारपुढे हे दावे आले तेव्हा अधिकाऱ्यांची अडचण झाली. जुन्या राजवटीचे हक्क शक्यतो पाळावेत, हे त्यांचे घोषित धोरण होते. पण ज्यांचे अस्तित्वच त्यांना लज्जास्पद वाटत होते, त्यांच्या मागण्याच्या अधिकारामागे सरकारने उभे राहावे, हे त्यांना मानवेना. 1852 च्या अकराव्या कायद्याने इनाम चौकशीस कायदेशीर बळ मिळाले आणि दख्खनमधील असंख्य इनामांची छाननी सुरू झाली. शतकाच्या मध्यास झालेल्या या उलाढालीत हिजड्यांच्या हक्कांचा राजमान्य आधार सुटला. मागणे थांबले नाही. ते हक्काच्या रकान्यातून निघून उपद्रवाच्या रकान्यात गेले.

उत्तरेत याच्या पुढचे पाऊल पडले. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता. त्याची अंमलबजावणी प्रामुख्याने वायव्य प्रांतात झाली. पोलिसांनी संशयितांची नावे व राहण्याचे ठिकाण नोंदवहीत लिहावे, त्यांच्या मालमत्तेची माहिती घ्यावी, नोंद झालेल्यांनी स्त्रीवेशात सार्वजनिक ठिकाणी वावरू नये, नाचू-गाऊ नये, मृत्युपत्र करू नये, सोळा वर्षांखालील मुलगा सोबत ठेवू नये, अशी कलमे त्यात होती. जेसिका हिंची यांच्या 2019 च्या ग्रंथात या नोंदवह्यांचा सविस्तर अभ्यास आहे. हा भाग 1911 साली रद्द झाला. हैदराबाद संस्थानात 1919 साली झालेला अशाच नोंदणीचा कायदा मात्र तेलंगणा उच्च न्यायालयाने 2023 साली घटनाबाह्य ठरवीपर्यंत कागदोपत्री जिवंत होता.

म्हणजे या समाजाला लेखी नोंदीचे दोन अनुभव आहेत. एका नोंदीने हक्क दिला, दुसरीने माणसाला पोलिसांच्या वहीत बसविले. आज एखादा प्राध्यापक ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन पुढे येतो, तेव्हा तो कोणत्या वहीचा वारस आहे, हे त्यांनी कसे ओळखावे?

घराण्यांची वंशावळ

हिजडा समाजाचा इतिहास प्रामुख्याने गुरू-चेला नात्यात साठविलेला आहे. चेला रीत करून गुरूच्या घरात येतो, त्याचे चेले हे गुरूचे नातीचेले, गुरूचा गुरू तो दादगुरू. अशी ही वंशावळ रक्ताविना चालते. वाद निर्माण झाल्यास ज्येष्ठ मंडळी जमातीत बसून कोण कोणाचे, कोणाचा इलाका कोठपर्यंत, हे तोंडी परंपरेच्या आधारे ठरवितात. गोतसभेचे महजर वाचलेल्यांना ही पद्धत मुळीच परकी वाटणार नाही. तेथेही वृद्धांची साक्ष हाच मुख्य पुरावा असे. फरक इतकाच की, तेथे शेवटी कागद होई.

सेरेना नंदा यांनी 1990 च्या आपल्या ग्रंथात हिजड्यांच्या ज्या सात घराण्यांची नोंद केली आहे, त्यांत एक 'पूनावाला' आहे. पुण्याचे नाव धारण करणारे घराणे मुंबईच्या परंपरेत कसे व केव्हा आले, हा प्रश्न पुणे जिल्ह्याच्या इतिहासकाराला पडावयास हवा. प्रेस्टन यांच्या कागदांतील हक्कदार आणि या घराण्याचे पूर्वज यांचा काही संबंध असेल का? गावांवर असलेला जुना हक्क आणि आजची इलाख्यांची वाटणी यांच्यात काही सातत्य असेल का? हे केवळ अनुमान आहे, निष्कर्ष नव्हे. पण ते पडताळावयाचे तर एकट्या दप्तराने भागणार नाही. दौंडसारख्या जंक्शनवर, जेथे तीन दिशांचे लोहमार्ग मिळतात, तेथे कोणाची हद्द कोठे संपते हे सांगू शकणाऱ्या वृद्ध गुरूंकडेच जावे लागेल.

मौखिक साधनांवरील नेहमीचा आक्षेप असा की, त्यांत कथा व वस्तुस्थिती यांची सरमिसळ असते. वनवासास निघालेल्या रामाने स्त्री-पुरुषांना परत जाण्यास सांगितले. जे स्त्रीही नव्हते व पुरुषही नव्हते ते तेथेच चौदा वर्षे थांबले, आणि रामाने त्यांना आशीर्वाद दिला, ही कथा हिजडा समाजात सर्वत्र सांगितली जाते. वाल्मीकिरामायणात ती नाही. म्हणून ती टाकून द्यावयाची काय? इटालियन अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तेर्नी येथील एका कामगाराच्या 1949 मधील मृत्यूचा अभ्यास केला. स्थानिकांच्या स्मृतीत ती घटना 1953 मध्ये सरकलेली होती. ही चूक त्यांनी दुरुस्त करून सोडून दिली नाही. समाजाने ती तारीख का हलविली, असा प्रश्न त्यांनी विचारला. रामाच्या कथेलाही तोच प्रश्न विचारता येतो. बधाई मागण्याचा अधिकार राजाच्या वचनातून येतो, असे ही कथा सांगते. ज्यांची सनद सरकारने अमान्य केली, त्यांनी कोणत्याही इनाम आयोगाला तपासता येणार नाही अशी सनद कथेत जपली, असे म्हणता येईल. कथा सनदांहून जुनी असली, तरी तिचा हा उपयोग लक्षात घ्यावा लागतो.

जतन कसे व कोणाचे

पुणे जिल्ह्याला मौखिक साधनांच्या संकलनाची मोठी परंपरा आहे. गी पॉइटव्हिन व हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत शिरूर तालुक्यातील ओव्याही आहेत. ओवीसोबत गाणारीचे नाव व गाव नोंदविण्याची काटेकोर पद्धत हे त्या संग्रहाचे बलस्थान आहे. परंतु हीच पद्धत येथे जशीच्या तशी वापरली, तर ती घातक ठरू शकते. ओवी गाणाऱ्या स्त्रीला नाव छापल्याचा आनंद होईल. घर सोडून आलेल्या चेल्याचे जन्मनाव व जन्मगाव छापणे म्हणजे ज्यापासून तो दूर आला, तेच त्याच्या दाराशी आणून उभे करणे होय.

या दृष्टीने तमिळमधील उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. ए. रेवती यांनी 2004 साली तमिळनाडूतील हिजड्यांच्या जीवनकथांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्या स्वतः त्या समाजातील असल्याने काय विचारावे याइतकेच काय विचारू नये, हेही त्यांना ठाऊक होते. मराठीत लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या आत्मकथनाचे शब्दांकन वैशाली रोडे यांनी केले, आणि दिशा पिंकी शेख यांच्या कवितेने हा आवाज साहित्यात आणला. राजन गवस यांच्या 'भंडारभोग' (1988) ने जोगत्याचे जीवन मराठी वाचकांपुढे ठेवले. अर्थात जोगता परंपरा व हिजडा घराणी एक नव्हेत, याचे भान अभ्यासकांना अनेकदा राहत नाही. ही सर्व पुस्तके मोलाची आहेत, तथापि घराण्यांचा सामूहिक इतिहास हे त्यांचे उद्दिष्ट नव्हते.

बंगळुरूमध्ये 2017 पासून 'कमरा' हे अभिलेखागार अशा साहित्याचे जतन करीत आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांना तेवढे साधनबळ नाही, हे खरे. परंतु काही नियम पैशाविना पाळता येतात. मुद्रित कथनाची प्रत प्रथम सांगणाऱ्यास द्यावी. कथन किती वर्षे बंद ठेवावयाचे, हे त्याने ठरवावे. दिलेली संमती मागे घेण्याची मुभा असावी. जमातीतील गुप्त बोलीची शब्दसूची करण्याचा मोह भाषाभ्यासकांनी आवरावा, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. जी भाषा संरक्षणासाठी घडली, ती प्रसिद्ध केल्याने नष्ट होते. ज्ञानवृद्धीच्या नावाखाली ते समर्थनीय नाही.

2011 च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात महाराष्ट्रात 40,891 व्यक्तींची नोंद झाली. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी तृतीय लिंगास कायदेशीर मान्यता दिली. 2019 साली संसदेने कायदा केला. या घटनांचे कागद आपोआप जतन होतील, त्यासाठी शासनाचे दप्तर आहे. दादगुरूंची नावे सांगणारी पिढी मात्र वृद्ध आहे, आणि तिचे चेले मुंबई, सुरत, सोलापूर असे विखुरलेले आहेत.

काही महिन्यांपूर्वी दौंड स्थानकाच्या फलाटावर एका वयोवृद्ध गुरूंशी बोलण्याचा योग आला. 'मावशी, तुमच्या घराण्याचा इतिहास लिहून ठेवावा असे वाटते,' असे म्हटल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. सोलापूरकडची गाडी लागत होती. पदर सावरून उठताना त्यांनी विचारले, 'सर, लिहाल ते ठेवाल कुठे?' महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, कपाटात, असे सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, 'आणि चावी कोणाकडे?'